जड पंख्याची काटकसर: एक प्रतिवाद

दोन इंजिनांच्या क्रूझर बोटींचे मालक आणि त्या बोटींची देखभाल करणारे मेकॅनिक यांच्यात एक मत इतके रुळले आहे की त्याला आता कोणी मत म्हणत नाही, अनुभव म्हणतात. ते मत असे की, अशी बोट पूर्ण थ्रॉटलवर क्वचितच चालवली जाते, तिचे बहुतेक आयुष्य मध्यम वेगावर जाते, तेव्हा पंखेही त्या मध्यम वेगाला जुळणारे, म्हणजे इंजिनाच्या कुवतीच्या मानाने थोडे जड, बसवावेत; तसे केले की इंजिने कमी फेऱ्यांवर चालतात, केबिनमधला आवाज घटतो, डिझेल वाचते आणि इंजिनाचे आयुष्य वाढते. या साखळीतील पहिला आणि दुसरा दुवा खरा आहे, तिसरा फार थोडा खरा आहे आणि चौथा बहुतांशी खोटा आहे. हे मत एका इंजिनाच्या बोटीच्या बाबतीत चुकीचे ठरते; दोन इंजिनांच्या बोटीच्या बाबतीत ते धोक्याचेही ठरते, कारण दुसरे इंजिन ज्या प्रसंगासाठी घेतलेले असते, नेमक्या त्याच प्रसंगी जड पंखा त्याचा उपयोग हिरावून घेतो.

कोकण किनाऱ्यावर प्रॉपेलरला सर्रास पंखा म्हणतात आणि तोच शब्द येथे वापरला आहे. पंख्याच्या तुंब्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, म्हणजे पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ आखतात त्याच्या रुंदीचा. दुसरा पिचचा, म्हणजे पंखा लाकडात स्क्रू शिरावा तसा न घसरता शिरला असता तर एका फेऱ्यात जितके अंतर पुढे गेला असता, त्या अंतराचा. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षात पंखा त्याहून कमी पुढे जातो आणि या तुटीला घसर म्हणतात. हिशेब सोपा आहे: शाफ्टचे मिनिटाचे फेरे आणि इंचांतील पिच यांच्या गुणाकाराला १२१५ ने भागले की घसर नसताना मिळाला असता तो वेग नॉटमध्ये मिळतो. पुढील सारे विवेचन एका काल्पनिक, पण अगदी नेहमीच्या बोटीवर आधारले आहे. तिचे वजन १५ टन, इंजिने प्रत्येकी ३०० अश्वशक्तीची आणि ती शक्ती मिनिटाला २८०० फेऱ्यांवर देणारी, गिअरबॉक्स दोनास एक, म्हणजे शाफ्ट १४०० फेऱ्यांनी फिरणारा, आणि पंखे चार पात्यांचे, २४ इंच व्यासाचे, २२ इंच पिचचे. १४०० गुणिले २२ भागिले १२१५ म्हणजे सव्वापंचवीस नॉटांच्या थोडे वर. बोट प्रत्यक्षात २० नॉट धावली तर घसर सुमारे एकवीस टक्के पडते आणि या जातीच्या बोटीला ती शोभणारी आहे.

पंखा जड आहे असे म्हणतात तेव्हा त्याचे पोलादी किंवा पितळी वजन अभिप्रेत नसते. थ्रॉटल पूर्ण उघडूनही इंजिन आपल्या ठरलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचू शकत नाही, इतका टॉर्क, म्हणजे शाफ्टला पिळणारा इतका जोर, जो पंखा मागतो तो जड. या आकाराच्या डिझेल बोटीत पिच एक इंचाने वाढवले की कमाल फेरे ढोबळमानाने ८० ते १०० ने उतरतात. तेव्हा वरील बोटीला २२ ऐवजी २५ इंच पिचचे पंखे बसवले तर इंजिने २५०० च्या आसपास अडकतात. ज्या मताचा येथे प्रतिवाद करायचा आहे त्याची शिफारस हीच आहे.

विरोधी बाजूचा युक्तिवाद त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडला नाही तर त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. डिझेल इंजिन ठरावीक शक्ती निर्माण करताना कमी फेऱ्यांवर आणि जास्त भाराखाली चालले तर दर अश्वशक्तीमागे थोडे कमी इंधन जाळते, ही गोष्ट निर्विवाद आहे. फेऱ्यांबरोबर इंजिनातील घर्षणाचा खर्च वाढतो आणि तो कोणत्याच उपयोगी कामात जमा होत नाही. मोठ्या मालवाहू जहाजांचे पंखे अजस्र आणि अत्यंत संथ असतात, ते याच कारणासाठी आणि आणखी एका कारणासाठी, ज्याकडे पुढे वळावे लागेल. या मताचे समर्थक ट्रकचा दाखलाही देतात: महामार्गावर कोणताही शहाणा चालक टॉप गिअरमध्येच जातो, तिसऱ्यात इंजिन बोंबलत ठेवत नाही. जड पंखा म्हणजे बोटीचा टॉप गिअर, असे त्यांचे म्हणणे आहे.

दाखला चांगला आहे आणि तोच त्यांच्या मताला मारक आहे. टॉप गिअरमध्ये जाणाऱ्या ट्रकच्या चालकाला खोपोलीहून बोरघाट चढायला लागताच चौथा, तिसरा, वेळ पडल्यास दुसरा गिअर टाकता येतो. क्रूझर बोटीच्या गिअरबॉक्समध्ये पुढे, मागे आणि मोकळा एवढ्याच जागा असतात. तिला पुढे जाण्याचा एकच गिअर आहे आणि तो गिअर म्हणजे तिचा पंखा. ज्या ट्रकला फक्त एकच गिअर मिळणार आहे आणि ज्याला घाट चुकवता येणार नाही, त्याला टॉप गिअर बसवून द्या असे सांगणारा मेकॅनिक रस्त्यावर शोधूनही सापडणार नाही. जेट्टीवर मात्र तो सापडतो आणि त्याला मानही मिळतो, कारण समुद्र सपाट दिसतो.

आता बचतीकडे. या मताची सारी लोकप्रियता ज्या आकड्यावर उभी आहे तो फेऱ्यांचा आकडा आहे आणि गफलतही तिथेच आहे. पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फेरे कमालीच्या ८० टक्क्यांवर आणले की शक्ती निम्म्यावर, ५१ टक्क्यांवर येते. २२ पिचच्या पंख्यांनी वरील बोट २२४० फेऱ्यांवर अंदाजे १६ नॉट धावेल आणि प्रत्येक इंजिन सुमारे १५४ अश्वशक्ती देत असेल. २५ पिचच्या पंख्यांनी तोच १६ नॉटांचा वेग २००० फेऱ्यांवर मिळेल, पण त्या वेगाला बोटीचा तळ पाण्याकडून जितका विरोध ओढवून घेतो तितकाच तो याही वेळी ओढवून घेणार, म्हणून शक्ती पुन्हा तीच, १५४ च्या घरात, लागेल. वाचले काय? फक्त घर्षणातील थोडा खर्च. तासाला प्रत्येक इंजिन तीस लिटर डिझेल जाळत असेल तर ही बचत दोन-चार टक्क्यांची, म्हणजे साधारण एका लिटरची आहे. त्याच मालकाने पंख्यांना हात न लावता १६ ऐवजी १५ नॉट वेग स्वीकारला असता तर त्याच घनाच्या नियमाने तासाला दर इंजिनामागे पाच लिटर वाचले असते आणि प्रवासाचा वेळ पंधरा मैलांमागे चार मिनिटांनी वाढला असता.

जड पंखे बसवलेल्या मालकाला आपले डिझेल खरेच कमी झाल्याचे दिसते, त्यात तो खोटे बोलत नसतो. तो पूर्वी २२४० फेऱ्यांवर चालत असे. आता इंजिनाचा आवाज आणि टॅकोमीटरचा काटा पाहून १८५० किंवा १९०० वर समाधान मानतो, म्हणजे नकळत एक नॉट हळू चालतो आणि त्या एका नॉटाची बचत पंख्याच्या खात्यावर मांडतो. फेऱ्यांशी फेऱ्यांची तुलना करायची नसते, वेगाशी वेगाची करायची असते. जीपीएस हाती आल्यापासून ही चूक करायला कोणालाही सबब उरलेली नाही.

बचतीच्या बदल्यात काय दिले, हे पाहिले की व्यवहार आणखी तोट्याचा ठरतो. १६ नॉटांवर २२ पिचच्या पंख्याला कमाल शक्तीच्या वेळी लागणाऱ्या टॉर्कच्या ६४ टक्के टॉर्क पुरतो. २५ पिचच्या पंख्याला ७२ टक्के. आकडे जवळचे वाटतात आणि शांत पाण्यात, स्वच्छ तळाने, अर्ध्या टाक्यांवर ते जवळचे आहेतही. पण क्रूझर ही राहण्याची बोट असते. दीड हजार लिटर डिझेल, पाचशे लिटर गोडे पाणी, आठ माणसे आणि त्यांचे सामान इतके भरले तरी अडीच टनांच्या आसपास भर पडते, म्हणजे १५ टनांच्या बोटीचे वजन एक षष्ठांशाने वाढते. शिवाय मालक दरवर्षी एखादा जनरेटर, एखादे एसीचे युनिट, एखादी जास्तीची बॅटरी चढवत राहतो ती वेगळीच. विक्रीच्या वेळी जी चाचणी दिली जाते ती जवळपास रिकाम्या टाक्यांवर असते आणि त्या चाचणीत नेमके कमाल फेरे गाठणारा पंखाही खरे तर पुढे जड ठरणार असतो. जाणीवपूर्वक जड घेतलेल्या पंख्याची तर गोष्टच सोडा.

त्यात पश्चिम किनाऱ्यावरचा तळ. पावसाळ्यात बहुतेक हौशी बोटी बाहेर काढून ठेवतात, तळाला रंग लागतो आणि नारळी पौर्णिमेनंतर, पुष्कळदा दसऱ्याच्या आसपास, त्या पुन्हा पाण्यात जातात. मुंबई बंदराच्या किंवा मांडवीच्या कोमट, गढूळ पाण्यात उभी राहणारी बोट हंगामाच्या शेवटास, एप्रिल-मे महिन्यांत, पुन्हा तपासली तर शाफ्टवर, पंख्याच्या मुळाशी आणि तळाच्या कोपऱ्यांत बार्नॅकलची टणक, पांढरी कवचे चिकटलेली आणि बाकी तळावर बुळबुळीत थर चढलेला दिसतो. बोट जितकी जास्त उभी आणि जितकी कमी चाललेली, तितका थर जाड. पंख्याच्या पात्यावर बसलेली कवचे तर आणखी वाईट, कारण ती पात्याचा जोर कमी करून टॉर्क मात्र वाढवतात. हे सारे महिन्या-महिन्याने, कुणाच्या लक्षात न येता घडते. लक्षात न येण्याचे कारण इंजिनातच आहे. डिझेल इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे फेरे स्थिर ठेवणारी यंत्रणा, लिव्हर जिथे लावली तिथले फेरे टिकवण्यासाठी लागेल तितके इंधन सोडत राहतो. चालकाने २००० वर लिव्हर लावली आणि भार ऑक्टोबरच्या मानाने पुष्कळ वाढला तरी काटा २००० वरच राहतो; वाढते ते आत जाणारे डिझेल आणि बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान. गव्हर्नरच्या मर्यादेपर्यंत पोहोचले की मग जुन्या इंजिनांत काळा धूर दिसतो, बोटीच्या मागच्या पांढऱ्या फळीवर काजळी धरते आणि मालक तिला साबणाने धुतो. संगणकाने इंधन नियंत्रित करणाऱ्या नव्या इंजिनांत तर धूरही फारसा दिसत नाही, म्हणजे फुकटात मिळणारी सूचनासुद्धा गेली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बोचार्जर आणि पिस्टनचे माथे या उष्णतेची किंमत मोजतात. कमी फेऱ्यांमुळे इंजिनाचे आयुष्य वाढते हा दावा भार तेवढाच राहील असे गृहीत धरतो, आणि जड पंख्याने तो तेवढाच राहत नाही. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या पूर्ण भरलेली बोट पूर्ण थ्रॉटलवर ठरलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचलीच पाहिजे अशी अट बसवणीच्या पुस्तिकेत घालतात, ती मालकांनी इंजिने उधळत फिरावे म्हणून नव्हे. मध्यम वेगावर चालतानाही वर मोकळी जागा शिल्लक आहे याची ती एकमेव सोपी खूण असते म्हणून.

आतापर्यंतचे सारे एका इंजिनाच्या बोटीलाही लागू पडते. दोन इंजिनांच्या बोटीचा खरा प्रश्न पुढे आहे आणि जड पंख्याचे समर्थक त्याविषयी जवळजवळ मौन पाळतात.

दुसरे इंजिन का घ्यायचे याची दोन कारणे प्रत्येक खरेदीदार सांगतो: जेट्टीला लागताना एक पंखा पुढे आणि एक मागे फिरवून बोट जागच्या जागी वळवता येते आणि एक इंजिन गेले तरी दुसऱ्यावर घरी येता येते. या किनाऱ्यावर एक इंजिन जाण्याचे नेहमीचे कारण इंजिनात नसतेच. ते पाण्यात तरंगणारा दोर किंवा जाळ्याचा तुटका तुकडा असतो. शाफ्टभोवती गुंडाळलेला कृत्रिम धाग्याचा दोर घर्षणाने वितळतो आणि पंखा व त्यामागचा बेअरिंगचा आधार यांच्यात काळ्या, टणक कड्यासारखा बसतो. तो सुरीने सुटत नाही, करवतीने कापावा लागतो, आणि लाटा असताना तळाखाली डोके घालून ते काम कोणी करू नये. तेव्हा मुरुडहून मुंबईकडे उत्तरेला येणाऱ्या बोटीला खांदेरीच्या अलीकडे असा दोर लागला, दुपार उलटून वायव्येचा वारा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, चढला आणि उरलेल्या एका इंजिनावर यायचे ठरले, तर काय घडते ते पाहावे लागते.

एका इंजिनावर ही बोट तरंगून धावू शकत नाही. पाण्याच्या रेषेशी चाळीस फूट लांबीची बोट साडेआठ नॉटांच्या आसपास स्वतःच उठवलेल्या लाटेच्या दरीत अडकते आणि तीनशे अश्वशक्तीत तिला त्या दरीतून वर काढता येत नाही. वर बंद शाफ्टचा पंखा पाण्यात आडवा उभा राहून ओढ निर्माण करतो आणि जोर एकाच बाजूने येत असल्यामुळे सुकाणू सतत दुसऱ्या बाजूला धरून ठेवावे लागते, तीही ओढच. परिणामी वेग सहा-सात नॉट. आता कळीचा मुद्दा येतो. ज्या पंख्याला वीस नॉटांनी समोरून येणाऱ्या पाण्याची सवय म्हणून आखले, त्याच्यापुढे पाणी आता सहा नॉटांनी येते. पाते पाण्याला ज्या कोनात कापते तो कोन त्यामुळे पुष्कळ मोठा होतो आणि त्याच फेऱ्यांना पंखा कितीतरी जास्त टॉर्क मागतो. बोट धक्क्याला बांधून पंखा फिरवला तर ही मागणी नेहमीच्या दीडपटीहूनही वर जाते, आणि वाऱ्याच्या तोंडावर एका इंजिनावर घुसळणारी बोट त्या बांधलेल्या बोटीच्या पुष्कळ जवळ पोहोचलेली असते. हाच तो घाट. २२ पिचचा, बरोबर निवडलेला पंखासुद्धा या वेळी इंजिनाला कमाल फेऱ्यांपासून बराच खाली रोखून धरतो, पण मध्यम फेऱ्यांवर, थोडी लिव्हर मागे घेऊन, तासन्‌तास चालता येईल एवढी मोकळी जागा त्याच्याकडे उरते. २५ पिचच्या पंख्याने ती जागा आधीच, शांत समुद्रातील एका लिटर डिझेलच्या बदल्यात, विकून टाकलेली असते. चालक वेग येत नाही म्हणून लिव्हर पुढे ढकलतो, गव्हर्नर इंधनाची कमाल गाठतो, फेरे वाढत नाहीत, वाढते फक्त तापमान; आणि दोनपैकी जे एक इंजिन धड होते त्याच्यावर आयुष्यातला सर्वांत मोठा भार त्याच तासाला पडतो.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, मग चालकाने लिव्हर मागे घ्यावी, पंख्याला कशाला दोष? लिव्हर मागे घेणे योग्यच आहे. पण जड पंख्यावर ती इतकी मागे घ्यावी लागते की समोरचा वारा आणि ओहोटी यांना तोंड द्यायला पुरेसा जोर उरत नाही, आणि मुंबईच्या तोंडाशी उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढ-उतार करते, म्हणजे प्रवाहही त्याच मानाने जोरदार असतो. खऱ्या अर्थाने कमी भारावर चालण्याचे स्वातंत्र्य हलक्या पंख्याकडे असते, जड पंख्याकडे नाही. ही गोष्ट या मताच्या समर्थकांना उलटी वाटते, कारण त्यांच्या लेखी कमी फेरे हाच कमी भार.

संथ पंख्याचा जो खरा फायदा आहे तो या मताने चुकीच्या दारातून आत आणू पाहिला आहे. मोठ्या जहाजांचा पंखा कार्यक्षम असतो तो संथ असतो एवढ्यानेच नव्हे, तो मोठा असतो म्हणून. पुष्कळ पाणी हळू ढकलण्यात थोडे पाणी जोराने फेकण्यापेक्षा कमी शक्ती वाया जाते. हे हवे असेल तर गिअरबॉक्सचे गुणोत्तर बदलायला हवे आणि व्यास वाढवायला हवा. वरील बोटीत दोनास एक ऐवजी अडीचास एक गिअर घातला तर शाफ्टचे फेरे १४०० वरून ११२० वर येतात आणि त्याला योग्य व्यास साडेसत्तावीस इंचांच्या आसपास जातो; इंजिन मात्र आपल्या २८०० फेऱ्यांपर्यंत मोकळेपणी पोहोचते. अडचण अशी की पात्याचे टोक आणि तळ यांच्यात व्यासाच्या पंधरा टक्के तरी अंतर राहायला हवे, नाहीतर प्रत्येक पाते वरून जाताना तळावर ठोका देते आणि केबिनमधली भांडी वाजतात. २४ इंचांच्या पंख्याला साडेतीन इंचांहून थोडे अधिक अंतर लागते. साडेसत्तावीस इंचांच्या पंख्याला चार इंचांहून अधिक, आणि तेवढी जागा तयार बोटीच्या तळाखाली बहुधा नसते. म्हणून हा निर्णय बोट बांधतानाचा आहे. नंतर पिच वाढवून तोच परिणाम मिळवण्याचा प्रयत्न म्हणजे व्यासाचे काम पिचकडून करून घेणे, आणि त्याचा मोबदला इंजिन देते. बोटबांधणीत सर्वत्र हाताशी ठेवले जाणारे डेव्ह गेर यांचे १९८९ चे पंख्यांवरील पुस्तक एक इंच व्यासाची भरपाई दोन ते तीन इंच पिचने होते असा ठोकताळा देते. तो टॉर्कची बरोबरी सांगतो, कार्यक्षमतेची नाही, हे मात्र तो वापरणारे बहुतेकदा विसरतात.

पात्यांच्या संख्येवरून होणाऱ्या वादावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. तीन पात्यांचा पंखा चार पात्यांच्या पंख्यापेक्षा किंचित कार्यक्षम, चार पात्यांचा कमी थरथरणारा. क्रूझरवर झोपायचे असते, तेव्हा चार. पाते किती रुंद, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो इतिहासानेच सोडवलेला आहे. थॉर्निक्रॉफ्ट यांच्या गोदीत बांधलेली आणि १८९३ साली पाण्यात उतरलेली ‘डेअरिंग’ ही ब्रिटिश विनाशिका, तीही दोन पंख्यांचीच, पहिल्या चाचण्यांत अपेक्षित वेग गाठेना. पात्यांच्या पाठीवर दाब इतका उतरत होता की पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफेचे बुडबुडे होत होते आणि पाते पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरत होते. सिडनी बार्नबी यांनी पात्यांचे क्षेत्रफळ वाढवताच वेग आला. या घटनेला कॅव्हिटेशन हे नाव आर. ई. फ्रूड यांनी सुचवले. चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ १८९४ मध्ये याच खड्ड्यात पडली. एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवल्यावर ती ३४ नॉटांपर्यंत पोहोचली आणि १८९७ च्या आरमारी संचलनात तिने सगळ्यांना मागे टाकले. जोर जितका जास्त तितके पाते रुंद हवे. घाटातल्या त्या एका इंजिनाच्या तासाला पात्यावरचा भार सर्वाधिक असतो, तेव्हा अरुंद पात्यांचा जड पंखा इंजिनही गुदमरवतो आणि पाणीही उकळतो.

दोन पंख्यांच्या जोडीविषयी एक गोष्ट या वादात हरवून जाते. उजवीकडचा पंखा मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि डावीकडचा उलट फिरवतात, म्हणजे पात्यांचे वरचे टोक दोन्हीकडे बाहेर जाते; त्यामुळे पंख्याची बोट आडवी ओढण्याची खोड एकमेकींत विरते आणि जागच्या जागी वळताना तीच खोड कामी येते. ही जोडी खरीच जुळी असेल असे मात्र गृहीत धरता येत नाही. तुंब्यावर सारखे आकडे कोरलेले दोन पंखे, विशेषतः त्यांतला एक कधी खडकाला लागून सरळ केलेला असेल तर, प्रत्यक्ष मोजणीत पिचमध्ये एखाद्या इंचाने वेगळे निघू शकतात. त्यासाठीच घडणीच्या अचूकतेचे वर्ग ठरवणारे ‘आयएसओ ४८४’ हे मानक आहे आणि पंखा दुरुस्त करणाऱ्याकडून तो कोणत्या वर्गाचा झाला हे लिहून घेतले पाहिजे. चालक कानाने दोन्ही इंजिनांचे फेरे जुळवतो, तेव्हा भार जुळतो असे त्याला वाटते. जड पंख्याकडचे इंजिन प्रत्यक्षात रोज अधिक काम करत असते आणि दोन्हींना वर कोणतीही मोकळी जागा ठेवलेली नसेल तर पहिले तेच जाते.

जेट्टीवरचा हिशेबही जड पंख्याच्या विरोधात आहे. रिकाम्या थ्रॉटलवर, ६५० फेऱ्यांवर, २२ पिचचा पंखा घसर सोडून पावणेसहा नॉटांच्या थोडे वर ढकलू पाहतो, २५ पिचचा पावणेसातच्या जवळ. मांडव्याच्या जेट्टीला, शेजारी प्रवासी लाँच लागलेली असताना, गिअर टाकताच हा फरक हाताला जाणवतो आणि चालक सतत गिअर काढत-घालत बसतो.

अपवाद मान्य केले पाहिजेत. पात्यांचा कोन चालत्या बोटीत बदलता येतो असा पंखा असेल तर हा सारा वादच संपतो, कारण त्या बोटीला खरोखर गिअर आहेत. शेकडो मैल आठ नॉटांनीच जाणारी, जड तळाची, दर मिनिटाला इंजिनावरचा भार टक्क्यांत दाखवणारा पडदा आणि धुराचे तापमान मोजणारा काटा असलेली आणि त्या दोहोंकडे पाहणारा चालक असलेली बोट थोडा जड पंखा सोसू शकते. पण तसा चालक पूर्ण थ्रॉटल देणारच नाही असे म्हणणे आणि सर्वांना जड पंखा बसवा असे म्हणणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर या मताने आजवर भरून काढलेले नाही.

पंखा बरोबर आहे की नाही हे ठरवण्याची वेळ दसरा नव्हे, एप्रिल आहे. तळ मळलेला, दोन्ही टाक्या भरलेल्या, माणसे नेहमीइतकी, आणि बोटीवरच्या टॅकोमीटरवर विश्वास न ठेवता फ्लायव्हीलवर प्रकाश टाकून फेरे मोजणारे हातातले मीटर सोबत. दोन्ही लिव्हर पुढे नेऊन काही मिनिटे धावल्यावर त्या दिवशीही इंजिने २८०० ला, निदान त्याच्या अगदी जवळ, पोहोचली पाहिजेत. ती २६०० वर थांबली तर दोन्ही पंखे उतरवून कार्यशाळेत द्यावेत आणि पिच दोन इंचांनी कमी करून घ्यावे. सामान्यतः पाते गरम करून तेवढे वळवता येते, नवा पंखा लागत नाही. मग डावे इंजिन बंद करून, उजव्या एकट्यावर, वाऱ्याकडे नाळ करून अर्धा तास चालून पाहावे आणि कोणत्या फेऱ्यांवर लिव्हर पुढे नेऊनही वेग वाढत नाही तो आकडा सुकाणूजवळ पक्क्या रंगाने लिहून ठेवावा. नंतर तेच डाव्या इंजिनाचे; दोन आकडे सहसा सारखे येत नाहीत.